थीब्झपर्यंत न पोहोचलेली सफर

२०१८ च्या जानेवारी ते मार्च या काळात ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेममध्ये तीन वेळा मोठी भर पडली. टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजघराण्याच्या अखेरच्या काळातील इजिप्तमध्ये घडणारा हा ओपन वर्ल्ड, म्हणजे नकाशावर मोकळेपणाने कोठेही हिंडता येणारा, गेम युबिसॉफ्ट कंपनीने २७ ऑक्टोबर २०१७ रोजी बाजारात आणला होता आणि त्याचे मुख्य काम तिच्या माँट्रियल येथील स्टुडिओत झाले होते. २३ जानेवारीला आलेल्या ‘द हिडन वन्स’ या डीएलसीने, म्हणजे गेमला नंतर जोडल्या जाणाऱ्या विस्ताराने, सिनाई द्वीपकल्पाचा प्रदेश खुला केला. २० फेब्रुवारीला ‘डिस्कव्हरी टूर’ आली, जिच्यात लढाई नाही, शत्रू नाहीत, मिशन नाहीत, केवळ तो देश हिंडून पाहायचा आणि समजून घ्यायचा. १३ मार्चला ‘द कर्स ऑफ द फेरोज’ आली आणि थीब्झ हे प्राचीन नगर, तेथील कार्नाक व लक्झर ही मंदिरस्थळे आणि राजांची थडगी असलेले व्हॅली ऑफ द किंग्ज हे खोरे नकाशात समाविष्ट झाले. पहिली आणि तिसरी भर विकत घ्यावी लागत होती. मधली, म्हणजे डिस्कव्हरी टूर, मूळ गेम घेतलेल्यांना विनामूल्य मिळाली.

या तिन्हींत सर्वांत मोलाची भर मधली होती असे माझे ठाम मत आहे. मात्र तिच्याबद्दलच माझी तक्रारही आहे. ही सफर मूळ गेमच्या नकाशापुरती राहिली. सिनाई तिच्यात नाही, थीब्झ नाही, आणि पुढेही ते दोन्ही प्रदेश तिला जोडले गेले नाहीत. ज्या भूमीसाठी खेळणाऱ्याने वेगळे पैसे मोजले, नेमक्या त्या भूमीबद्दल खरे काय आणि रचलेले काय हे सांगणारे तेथे कोणी नाही. इतिहासाच्या नावावर विकल्या जाणाऱ्या गेमचा प्रत्येक मोठा विस्तार आपल्यासोबत आपल्या प्रदेशाचा खुलासा घेऊन आला पाहिजे, तो विकणाऱ्याच्या जबाबदारीचा भाग मानला गेला पाहिजे आणि खेळणाऱ्यांनी व समीक्षकांनी तो हक्काने मागितला पाहिजे, अशी माझी भूमिका आहे.

ही मागणी अवाजवी वाटू नये म्हणून डिस्कव्हरी टूरने प्रत्यक्षात काय साधले ते आधी पाहिले पाहिजे. तिच्यात ७५ फेऱ्या आहेत. पिरॅमिड, अलेक्झांड्रिया, दैनंदिन जीवन, रोमन लोक असे त्यांचे विषय असून कंपनीचे इतिहासतज्ज्ञ मॅक्सिम ड्युरँड यांच्याबरोबर इजिप्तच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यांवर काम केले. जमिनीवर उमटलेल्या सोनेरी रेषेच्या मागाने चालत जायचे, ठरलेल्या थांब्यावर निवेदन ऐकायचे, सोबत संग्रहालयांतील वस्तूंची आणि जुन्या चित्रांची छायाचित्रे पाहायची, अशी तिची साधी रचना आहे. ममी कशी तयार करत, पाव आणि बिअर कशी बनवत, अलेक्झांड्रियाच्या दीपगृहाबद्दल आपल्याला काय ठाऊक आहे, हे सारे ऐकताना आपण त्याच जागी उभे असतो. पाठ्यपुस्तकातले नाईल नदी, पिरॅमिड आणि ममी यांवरचे दोन परिच्छेद वाचून मोठे झालेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी हा अनुभव केवढा मोठा आहे, हे तो घेणाऱ्यालाच कळते.

या सफरीतली मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट म्हणजे काही थांब्यांवर गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच दिलेली कबुली. गेममध्ये मुले आणि मुली एकाच वर्गात शिकताना दिसतात. प्रत्यक्षात त्या काळी तसे नव्हते, तरीही आम्ही विचारपूर्वक तसे दाखवले आहे, हे त्या सफरीत स्पष्टपणे सांगितलेले आहे. त्यांच्या निर्णयाशी कोणी सहमत असो वा नसो, इतिहासात केलेला बदल सांगून केला म्हणजे पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही, उलट त्याला विचार करायला एक प्रश्न मिळतो. याच सफरीत नग्न पुतळ्यांच्या गुप्तांगांवर शिंपले बसवून ते झाकण्यात आले होते, आणि मूळ गेममध्ये मात्र तेच पुतळे जसेच्या तसे उभे होते. शाळांमध्ये दाखवता यावे हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा असला, तरी ग्रीक शिल्पकलेची ओळख करून देणाऱ्या ठिकाणी ग्रीक शिल्पच बदलून दाखवणे मला चुकीचे वाटते. शिल्पकाराने घडवलेला देह मुलांनी पाहिला तर त्यांचे काही बिघडत नाही. खोटा पुतळा खरा म्हणून पाहिला तर मात्र बिघडते.

खऱ्या-खोट्याची ही सीमारेषा किती नाजूक असते याचे गीझाच्या महापिरॅमिडइतके चांगले उदाहरण नाही. हा पिरॅमिड बांधताना दगड वर नेण्यासाठी आतून वळत जाणारा उतार वापरला असावा, असा सिद्धान्त फ्रेंच वास्तुतज्ज्ञ झाँ-पिएर उदँ यांनी मांडलेला आहे. तो बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही. पण गेमच्या रचनाकारांनी पिरॅमिडचा अंतर्भाग उभारताना त्याचा आधार घेतला, त्यामुळे खेळणारा अशा मार्गांतून आणि दालनांतून चालत जातो जी तेथे आहेत की नाहीत हे आजही सिद्ध झालेले नाही. गेम आल्यानंतर आठवड्याभरातच, २ नोव्हेंबर २०१७ रोजी, ‘नेचर’ या नियतकालिकात संशोधकांनी दगडातूनही आरपार जाणाऱ्या म्युऑन या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि महापिरॅमिडच्या पोटात किमान ३० मीटर लांबीची एक मोठी पोकळी असल्याचे जगाला कळले. त्या पोकळीने उदँ यांचा उतार सिद्ध होत नाही, तिचा उपयोग काय होता हेही उलगडलेले नाही. एवढ्या गुंतागुंतीच्या विषयात ‘ही आमची कल्पना, हा एका अभ्यासकाचा तर्क आणि हे प्रत्यक्ष सापडलेले’ असे सांगणारा आवाज नसेल, तर पडद्यावरचे दालन हेच पिरॅमिडचे दालन म्हणून मनात कायमचे बसते. चित्राची ताकद वाक्यापेक्षा फार मोठी असते, म्हणून चित्र रंगवणाऱ्यावरचे ओझेही मोठे.

आता सिनाईकडे वळू. ‘द हिडन वन्स’ची कथा मूळ कथेनंतर सुमारे चार वर्षांनी घडते. गेमचा नायक, सिवा या गावाचा मेजाय म्हणजे रक्षक असलेला बायेक तेथे पोहोचतो तेव्हा रोमन सैन्याने हा प्रदेश व्यापलेला आहे, स्थानिक लोकांना दगडाच्या खाणींत राबवले जात आहे आणि गमिलात नावाचा बंडखोर नेता त्यांच्याशी लढतो आहे. पुढे या बंडाची झळ ज्यांच्यासाठी ते पुकारले त्या गावकऱ्यांनाच बसते आणि बायेकला आपल्याच बाजूच्या माणसाविरुद्ध उभे राहावे लागते. कथा म्हणून मला हा विस्तार आवडतो, कारण मुक्तीच्या लढ्यात सामान्य माणसाच्या जिवाची किंमत कोण ठरवतो हा खरा प्रश्न तो विचारतो.

पण इतिहास म्हणून? इजिप्त रोमच्या ताब्यात गेला तो इ.स.पू. ३० मध्ये, क्लिओपात्राच्या मृत्यूनंतर. त्याआधीच्या दशकात, म्हणजे या कथेच्या काळात, सिंहासनावर क्लिओपात्राच होती. मग सिनाईवर रोमन अंमल कसा? यावर एखादा खेळणारा हे सारे थापेबाजी आहे असे म्हणून मोकळा होईल, आणि तेही चूक ठरेल, कारण रोमन सेनानी जूलियस सीझर इजिप्तमधून परतताना अलेक्झांड्रियात तीन लीजन, म्हणजे रोमन सैन्याची मोठी दले, ठेवून गेला होता आणि त्यांची सूत्रे त्याने आपल्या एका मुक्त केलेल्या गुलामाच्या मुलाकडे दिली होती, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवले आहे. त्या मुलाचे नाव रुफिओ. ‘द हिडन वन्स’मधल्या रोमन सेनापतीचे नावही रुफिओच आहे. म्हणजे लेखकांनी ग्रंथ धुंडाळले होते, एक जवळजवळ विसरलेले नाव शोधून काढले होते आणि त्याभोवती कथा गुंफली होती. इतके कष्ट घेतल्यावर ते नाव कोठून आले, रोमन सैन्य कोठवर होते आणि कोठून पुढे आपली कल्पना सुरू होते, एवढे सांगणारा एक थांबाही का असू नये?

आणि सिनाईकडे सांगण्यासारखे कितीतरी आहे. नैर्ऋत्य सिनाईत सेराबित अल-खादिम येथे पिरोजा या निळसर रत्नाच्या खाणी होत्या आणि तेथे हाथोर देवीचे मंदिर होते. १९०५ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पीट्री यांना या परिसरात चित्रलिपीसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्याच खुणांनी कोरलेले लेख सापडले. १९१६ मध्ये इजिप्शियन लिपीचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी त्या खुणांमधून ‘बालत’ हा देवीवाचक सेमिटिक शब्द वाचला. इजिप्शियन चित्रांचे आकार उचलून आपल्या भाषेतील ध्वनींसाठी वापरण्याचा हा उद्योग सेमिटिक भाषा बोलणाऱ्या लोकांनी केला, आणि पुढच्या फिनिशियन, ग्रीक व रोमन वर्णमालांची मुळे बहुतेक अभ्यासक त्याच्यापर्यंत नेतात. ज्या विस्ताराचा विषयच सिनाईच्या खाणींत राबणारी माणसे हा आहे, त्याच्या सोबतीला हाच प्रदेश लेखनाच्या इतिहासात एवढा महत्त्वाचा आहे हे सांगणारी फेरी नसावी, याची मला मनापासून हळहळ वाटते.

तरीही माझी खरी व्यथा थीब्झची आहे. ‘द कर्स ऑफ द फेरोज’चे कलाकाम अप्रतिम आहे, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. थडग्यांतून पुढे गेल्यावर मृत्यूनंतरचे चार परलोक उघडतात. राणी नेफर्तितीच्या थडग्यातून आपण आरू या धान्याने भरलेल्या सोनेरी भूमीत येतो. तेथे गव्हाच्या उभ्या पिकातून, जणू ते पाणीच आहे अशा रीतीने, नावा तरंगत जातात. ही कल्पना गेमच्या चित्रकारांनी हवेतून काढलेली नाही. मेल्यानंतर आपण समृद्ध शेतात नांगरू, पेरू आणि कापू ही इजिप्शियन माणसाची श्रद्धा थडग्यांच्या भिंतींवर आणि पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांवर, रंगवलेली आहे, आणि एका शेतकरी संस्कृतीने स्वर्गाची कल्पना शेताच्या रूपात करावी यातली करुणा त्या दृश्यात उतरली आहे. अशा ठिकाणी कल्पनेला पूर्ण मुभा असावी, तिच्यावर माझा काहीही आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो ज्या धाग्यावर हे सारे ओवले आहे त्याला. थडगी लुटली गेली, म्हणून मेलेले राजे शाप बनून परत आले आणि थीब्झच्या रहिवाशांना मारू लागले, हा कथेचा कणा आहे. इतिहासकार ज्याला ‘जुनी राजवट’ म्हणतात त्या, पिरॅमिड बांधले गेले त्या काळातल्या काही खासगी थडग्यांवर लुटारूंना धमकावणारे लेख कोरलेले सापडतात, हे खरे. परंतु फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शापाची जी कल्पना आज जगभर पसरली आहे, ती विसाव्या शतकातल्या वृत्तपत्रांनी वाढवलेली आहे. पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना ४ नोव्हेंबर १९२२ रोजी तुतानखामेन या राजाच्या थडग्याची पहिली पायरी सापडली. खर्च करणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हन यांनी बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘टाइम्स’ला दिले, त्यामुळे इतर वार्ताहरांना, त्यांत खुद्द इजिप्तच्या वार्ताहरांनाही, आपल्याच देशातील शोधाची बातमी थेट मिळणे बंद झाले. ५ एप्रिल १९२३ रोजी डास चावल्याच्या जखमेतून झालेल्या संसर्गाने कार्नार्व्हन कैरोत वारले, आणि आत शिरायला न मिळालेल्या वृत्तपत्रांच्या हाती शापाची गोष्ट आली. प्रत्यक्ष थडगे उघडणारे कार्टर त्यानंतर १९३९ पर्यंत जगले. ज्या गोष्टीने इजिप्तच्या शोधाला इंग्रज उमरावाच्या मृत्यूची कहाणी बनवले, तीच गोष्ट २०१८ साली इजिप्तच्या नावाने पुन्हा विकली जाते, तेव्हा निदान तिचा उगम सांगितला जावा ही अपेक्षा जास्त नाही.

यात अधिक दुःख याचे वाटते की थडग्यांच्या चोरीची खरी कथा थीब्झने स्वतः लिहून ठेवली आहे. राजा नवव्या रॅमसिसच्या कारकिर्दीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. १११० च्या सुमारास, पूर्व थीब्झचा नगरप्रमुख पासेर याने पश्चिम तीरावर राजांची थडगी फोडली जात असल्याची तक्रार केली. पश्चिम तीराची जबाबदारी पावेराआ याच्याकडे होती. चौकशी झाली, अधिकारी प्रत्यक्ष जागेवर गेले, दहा राजथडगी तपासण्यात आली आणि त्यांतले एक फोडलेले आढळले. या चौकशीचा वृत्तान्त ब्रिटिश म्युझियममधील ॲबट पपायरसमध्ये आहे. दुसऱ्या एका पपायरसमध्ये आमेनपनुफेर या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. राजा सोबेकेमसाफच्या थडग्यात आम्ही कसे शिरलो, ममीवरचे सोने कसे काढून घेतले, शवपेट्यांना आग कशी लावली आणि आठ जणांनी १६० देबेन सोने प्रत्येकी २० देबेनप्रमाणे कसे वाटून घेतले, हे त्याने सांगितले आहे. एक देबेन म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम, यावरून एकेकाच्या वाट्याला आलेला ऐवज कळतो. पुढे त्याला पकडले, तेव्हा त्याने आपला वाटा बंदरावरच्या लेखनिकाला देऊन सुटका करून घेतली, तो साथीदारांकडे परतला आणि त्यांनी आपल्यातला वाटा देऊन त्याची भरपाई केली. चोर, लाच घेणारा लेखनिक, एकमेकांवर कुरघोडी करणारे दोन अधिकारी आणि या सगळ्यांच्या मागे ढासळत चाललेली राजसत्ता, एवढे सगळे एका खटल्यात आहे. एखाद्या ओपन वर्ल्ड गेमला याहून चांगले कथाबीज कोठे मिळणार होते?

या चोऱ्या का होत होत्या हेही तेथेच लिहिलेले सापडते. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर पश्चिम तीरावरच्या देर अल-मदिना या गावात राहत आणि त्यांना मजुरी म्हणून महिन्याला ठरावीक खपली गहू व जव मिळत. तिसऱ्या रॅमसिसच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. ११५७ च्या आसपास, हे धान्य वेळेवर येईना. महिन्याचे अठरा दिवस उलटले आणि आम्ही उपाशी आहोत, असे म्हणत ते काम टाकून निघाले, दफनभूमीच्या पाच भिंती ओलांडून गेले आणि तिसऱ्या थुतमोसच्या मंदिराच्या मागे जाऊन बसले. भूक आणि तहान यांमुळे आम्ही येथे आलो आहोत, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही, आमच्या मालकाला, फेरोला हे कळवा, असे त्यांचे म्हणणे आमेननाख्त या लेखनिकाने उतरवून ठेवले. तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात आहे, आणि जगातल्या पहिल्या नोंदलेल्या संपांत त्याची गणना होते. ज्यांनी त्या खोऱ्यातली सारी भव्यता स्वतःच्या हातांनी घडवली, त्यांच्या उपासमारीचा हा दाखला ऐकल्यानंतर थडग्यांची लूट हा नुसता पापाचा आणि शापाचा विषय राहत नाही.

ही गोष्ट गेमच्या काळापूर्वी हजार वर्षांची आहे, तेव्हा ती बायेकच्या कथेत कशी यावी, असे कोणी म्हणेल. ती कथेत येऊ नये. म्हणूनच सफरीची गरज आहे, कारण सफरीला काळाचे बंधन नसते. आणि खुद्द बायेकच्या काळातले थीब्झही तितकेच सांगण्यासारखे होते. इ.स.पू. ८८ च्या सुमारास नवव्या टॉलेमीने थीब्झचे बंड मोडून काढले आणि नगराची दुर्दशा केली. रोमन सत्ता आल्यावर लगेचच, इ.स.पू. २९ मध्ये, पहिला रोमन प्रशासक कॉर्नेलियस गॅलस यालाही या भागातले बंड शमवावे लागले आणि त्याने तो पराक्रम दक्षिण इजिप्तमधल्या फिले येथील त्रिभाषिक शिलालेखात कोरून ठेवला. या दोन बंडांच्या मधल्या थीब्झमध्ये ‘द कर्स ऑफ द फेरोज’ घडते. राजांच्या खोऱ्यातली अनेक थडगी तोवर शतकानुशतके उघडी होती. ग्रीक आणि रोमन काळातले प्रवासी तेथे येत आणि भिंतींवर आपली नावे खरडून जात. असे दोन हजारांहून अधिक लेख तेथे मोजले गेले आहेत. दुसऱ्या रॅमसिसची ममी तर त्याच्या थडग्यात नव्हतीच. एकविसाव्या घराण्याच्या काळात पुरोहितांनी ती इतर राजांच्या ममींसह हलवली होती, देर अल-बहरीजवळच्या त्या गुप्त जागेचा पत्ता अधिकाऱ्यांना १८८१ मध्ये लागला, आणि ३ एप्रिल २०२१ रोजी कैरोच्या रस्त्यांवरून २२ राजममींची जी मिरवणूक निघाली तिच्यात ती होती. नेफर्तितीच्या थडग्याची जागा तर आजही निश्चितपणे ठाऊक नाही. गेमने ते थडगे दाखवावे, जरूर दाखवावे. पण ते सापडलेले नाही हे खेळणाऱ्याला कोणी तरी सांगितले पाहिजे.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप पैशांचा आहे. सफर विनामूल्य द्यायची म्हणजे तिचा खर्च भरून कसा निघणार, आणि डीएलसी घेणाऱ्या सगळ्यांना ती हवी असते का? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही, कारण अनेक जणांच्या कित्येक महिन्यांच्या श्रमाचा मोबदला कोठून तरी यावाच लागतो. पण संशोधनाचा मोठा खर्च आधीच झालेला असतो हे विसरून चालणार नाही. कार्नाकचे खांब उभारण्यासाठी अभ्यासकांना विचारलेले असते, छायाचित्रे व आराखडे गोळा झालेले असतात, रुफिओचे नाव शोधलेले असते. उरते ते निवडीचे, लेखनाचे आणि निवेदनाचे काम. शिवाय सीझन पासचा, म्हणजे पुढे येणारे विस्तार एकत्रच आगाऊ विकत घेण्याचा, व्यवहार लक्षात घ्या. हा पास गेमबरोबरच, म्हणजे विस्तार तयार होऊन लोकांनी पाहण्याच्या आधीच, ४० डॉलरच्या आसपास किमतीला विकला जात होता. खेळणारा केवळ विश्वासावर आगाऊ पैसे देतो. त्याने दाखवलेल्या विश्वासाच्या बदल्यात प्रत्येक नव्या प्रदेशासाठी १०-१२ फेऱ्या मागणे हे व्यवहाराला धरूनच आहे. आणि वेगळी सफर करणे परवडत नसेल तर दुसरा मार्गही याच कंपनीने पुढे चोखाळला आहे: २०२३ मध्ये आलेल्या आणि नवव्या शतकातील बगदादमध्ये घडणाऱ्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’मध्ये शहर हिंडतानाच ऐतिहासिक ठिकाणांच्या नोंदी खुल्या होतात आणि त्यांच्यासोबत संग्रहालयांतील वस्तूंची छायाचित्रे दिसतात. जे मूळ गेममध्ये जमते ते विस्तारात न जमण्याचे काही कारण नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो, आणि तो मला अधिक विचारात पाडतो. पडद्यावर हिंडून मुले खरोखर शिकतात का? माँट्रियल परिसरातील शाळांमध्ये डिस्कव्हरी टूरचा जो अभ्यास झाला, त्यात सफर करणाऱ्या विद्यार्थ्यांचे ज्ञान वाढले, परंतु शिक्षकाने तोच विषय शिकवलेल्या विद्यार्थ्यांचे त्याहून अधिक वाढले. हा निष्कर्ष सफरीविरुद्ध जातो असे मला वाटत नाही. पुस्तक हातात दिले म्हणजे मूल आपोआप शिकत नाही, तरी आपण पुस्तके छापतो. सफर शिक्षकाच्या हाती द्यायची वस्तू आहे, आणि तशी ती द्यायची तर तिच्यात थीब्झ असायलाच हवे, कारण प्राचीन इजिप्त शिकवताना कार्नाक आणि राजांचे खोरे वगळून पुढे जाता येत नाही.

हाती देण्यावरून पोहोचण्याचा प्रश्न निघतो. ज्यांच्याकडे मूळ गेम नाही त्यांच्यासाठी संगणकावर ही सफर स्वतंत्रपणे सुमारे २० डॉलरला विकली गेली. मे २०२० मध्ये जगभर शाळा बंद असताना कंपनीने इजिप्तची आणि तिच्या पुढच्या गेममधली ग्रीसची अशा दोन्ही सफरी आठवडाभर विनामूल्य ठेवल्या होत्या. तो निर्णय स्तुत्य होता, पण आठवडा हा काही शिक्षणाचा कालावधी नव्हे; शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांना त्या कायमच्या खुल्या असाव्यात. भाषेचा अडथळा तर त्याहून मोठा आहे. मराठीतच काय, कोणत्याही भारतीय भाषेत या सफरीचे निवेदन नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे आणि मुंबईतला २०१८ मध्ये सुरू झाला. मराठी जाणणारी माणसे या कंपनीच्या कचेऱ्यांत रोज काम करतात. ७५ फेऱ्यांचे निवेदन मराठीत करून ध्वनिमुद्रित करणे, किंवा निदान पडद्यावर मराठी मजकूर देणे, हे एवढ्या मोठ्या कंपनीला अवघड नाही, आणि मराठी खेळणाऱ्यांनी ते आजवर संघटितपणे मागितलेलेही नाही.

आपण ते मागण्याला आणखी एक आधार आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील मायोस होर्मोस आणि बेरेनिके या बंदरांतून मोसमी वाऱ्यांवर निघालेली जहाजे भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागत. रोमन अंमल सुरू झाल्यानंतर एकट्या मायोस होर्मोसहून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जात, अशी नोंद भूगोलकार स्ट्रेबोने केली आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावे आहेत, आणि कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी येथील उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली ती याच संबंधांतून. सिनाईच्या विस्ताराने खेळणाऱ्याला तांबड्या समुद्राच्या काठावर आणून उभे केले. त्या काठावरून जहाजे कोठे जात आणि काय घेऊन परतत हे सांगणारी एक फेरी तेथे असती, तर सोपाऱ्याचे नाव त्या गेममध्ये, त्याच्या योग्य जागी, उच्चारले गेले असते. अशी फेरी अजूनही करता येईल. गेम आजही विकला जातो आहे, नकाशा तयार आहे, आणि अभ्यासकांनी गोळा केलेली सामग्री कंपनीच्या संग्रहात आहेच.